मुस्तफाचा मूळ पाठ कोणता?

१९९०च्या दशकात ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरचा उंबरा ओलांडला, त्यांना ‘मुस्तफा’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खेळाचे छापील नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. चार पात्रांतून एक निवडायचे, गुंडांना झोडपत उजवीकडे सरकत जायचे, आणि मध्येच डायनोसॉर समोर ठाकले की त्यांच्याशी निभावून न्यायचे, असा साधा मामला. कथेचा नायक जॅक टेनरेक. परंतु आपल्याकडच्या मुलांनी नायकाला बाजूला सारून त्याचा चपळ साथीदार मुस्तफा कैरो याला डोक्यावर घेतले आणि सगळ्या खेळालाच त्याचे नाव देऊन टाकले. इंग्रजी नाव किती जणांनी वाचले असेल, शंकाच आहे.

हा खेळ आज रीतसर पैसे मोजून खेळायचा म्हटले, तर दुकान सापडत नाही. कॅपकॉमने २०१८ साली याच जातीच्या सात जुन्या खेळांचा संच काढला. त्यात मुस्तफा नव्हता. २०१९च्या सोळा खेळांच्या ‘कॅपकॉम होम आर्केड’ या यंत्रात नव्हता. २०२१ आणि २०२२च्या ‘आर्केड स्टेडियम’ संचांतही नव्हता. त्याच वर्षी, १९९३ साली, त्याच कंपनीने काढलेला ‘द पनिशर’ परवान्याच्या गुंत्यात तीन दशके अडकून अखेर २०२४च्या संचात आला. मुस्तफा मात्र तेव्हाही बाहेरच राहिला. मार्क शुल्ट्झ यांची ‘झेनोझोइक टेल्स’ ही चित्रकथा आणि तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका यांच्या आधाराने तो बनलेला आहे, आणि त्याच्या नावातच एका मोटारीचे व्यापारचिन्ह आहे. इतक्या जणांच्या संमतीवाचून तो पुन्हा विकता येत नाही.

तरीही मुस्तफा आज हजारो घरांत खेळला जातो, तो एम्युलेटरच्या कृपेने. अधिकृत संच आणि अनधिकृत एम्युलेटर यांच्यात खरे कोण, ही चर्चा जुने खेळ आवडणाऱ्यांत कायम चालू असते. एक बाजू म्हणते, संच विकत घ्या, तो प्रामाणिक मार्ग आहे. दुसरी म्हणते, संचात मूठभर खेळ आणि तेही कापलेले. एम्युलेटरमध्ये सगळे आहे. माझ्या मते हा वादच चुकीच्या जागी मांडला जातो. या दोहोंत भेद तंत्राचा नाही, संपादनाचा आहे. आणि संपादनाचा प्रश्न आला की मराठी वाचकाला एक जुनी, ओळखीची कसोटी हाताशी आहे.

तंत्र एकच

आर्केड खेळ म्हणजे एक लाकडी पेटी. तिच्यात पिक्चर ट्यूब, जॉयस्टिक, बटणे, नाण्याची फट आणि एक सर्किट बोर्ड. खेळाची आज्ञावली आणि चित्रे बोर्डवरच्या रॉम चिपांमध्ये कायमची भरलेली असतात. हा खेळ घरी आणायचे दोन मार्ग. पहिला रूपांतराचा: नव्या यंत्रासाठी तोच खेळ नव्याने लिहायचा. दुसरा अनुकरणाचा: जुन्या बोर्डचा प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप यांचे वागणे नव्या यंत्रावर हुबेहूब वठवणारी आज्ञावली लिहायची आणि रॉममधली मूळ आज्ञावली, अक्षरही न बदलता, तिच्यावर चालवायची. यालाच एम्युलेटर म्हणतात. जुन्या आज्ञावलीच्या लेखी ती अजून आपल्याच बोर्डवर चालत असते.

फरक किती मोठा, हे तैतो कंपनीच्या १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’वरून कळते. तोमोहिरो निशिकादो यांच्या या खेळात शत्रू जसजसे मरतात तसतशी उरलेल्यांची चाल वाढते आणि छातीत धडधड सुरू होते. तो वेग यंत्राच्या मर्यादेतून आला. पडद्याच्या प्रत्येक फेरीला एकच शत्रू हलवला जाई, त्यामुळे शत्रू कमी झाले की एकेकाची पाळी लवकर येई. रूपांतर करणाऱ्याला हे ओळखून मुद्दाम घडवावे लागते. एम्युलेटरमध्ये ते आपोआप घडते, कारण कारणच तिथे हजर असते.

आता गंमत अशी की, आज बाजारात मिळणारे बहुतेक आर्केड संच हे आतून एम्युलेटरच आहेत. ‘डिजिटल एक्लिप्स’ या अमेरिकन कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यावर विल्यम्स कंपनीचे ‘डिफेंडर’, ‘जाउस्ट’, ‘रोबोट्रॉन’ हे खेळ अनुकरणाच्या पद्धतीनेच विकायला आणले. ज्याला आपण एम्युलेटरांचा मेरुमणी समजतो तो ‘मेम’, निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने फेब्रुवारी १९९७मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. म्हणजे या क्षेत्रात दुकानदार हौशी मंडळींच्या आधी पोचले होते. पुढे देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. वर सांगितलेल्या २०१९च्या ‘होम आर्केड’ यंत्रात ‘फायनल बर्न अल्फा’ हा हौशींनी बांधलेला एम्युलेटर बसवला होता. त्याचा परवाना अव्यापारी वापरापुरता होता आणि संमती चमूतल्या एकानेच दिली, असे म्हणत उरलेले सहकारी वेगळे झाले आणि त्यांनी ‘फायनल बर्न निओ’ हा निराळा प्रकल्प सुरू केला. अधिकृत पेटीच्या पोटातही हौशी एम्युलेटर असू शकतो, एवढे यावरून कळावे. त्यामुळे ‘संच शुद्ध, एम्युलेटर भेसळ’ हे टिकत नाही, आणि ‘एम्युलेटर अस्सल, संच नकली’ हेही टिकत नाही.

भेद संपादनाचा

मग फरक कुठे पडतो? कोणता खेळ, त्याची कोणती आवृत्ती, कोणत्या फेरफारांसह वाचकापुढे ठेवायची, या निर्णयात.

‘डाँकी काँग’ घ्या. निन्टेन्डोच्या १९८१च्या या खेळात चार पडदे आहेत. जपानी आवृत्तीत ते चारही ओळीने येतात. अमेरिकन आवृत्तीत पहिल्या फेरीला पहिल्या पडद्यानंतर एकदम शेवटचा येतो. मधले दोन पुढच्या फेऱ्यांतून हळूहळू उघडतात. एकात गोष्ट सुरुवातीलाच पूर्ण सांगितली आहे; दुसऱ्यात उरलेला भाग पाहायचा तर खेळत राहावे लागते, म्हणजे नाणी टाकत राहावी लागतात. खेळ एक, कथनाच्या रीती दोन. यात भर म्हणजे, १९८३च्या घरगुती रूपांतरात सरकत्या पट्ट्यांचा दुसरा पडदा गाळला गेला, आणि पुढची कित्येक वर्षे कंपनी ‘डाँकी काँग’ म्हणून हे तीन पडद्यांचे रूपांतरच पुन्हा पुन्हा विकत राहिली. १९९९च्या ‘डाँकी काँग ६४’मध्ये चार पडद्यांचा खेळ एका कोपऱ्यात लपवलेला होता, हा एक अपवाद. मूळ आर्केड आवृत्ती स्वतंत्रपणे घरी आली ती २०१८ साली, हॅमस्टर कंपनीच्या ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ मालिकेतून. तिने आरंभीची जपानी, सुधारलेली जपानी आणि परदेशी अशा आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या. हे काम संपादकाचे आहे आणि ते उत्तम झाले आहे. पण मधल्या काळात चार पडद्यांचा ‘डाँकी काँग’ ज्यांनी अभ्यासला, त्यांच्यापुढे खरा बोर्ड किंवा एम्युलेटर हेच पर्याय होते.

उलट उदाहरण ‘पॅक-लँड’चे. १९८४च्या या खेळात पॅक-मॅनच्या घरी मिस पॅक-मॅन दिसते. ‘मिस पॅक-मॅन’ हा खेळ मुळात एका अमेरिकन कंपनीच्या फेरफारातून जन्मला, त्यामुळे तिच्या हक्कांचा गुंता आजतागायत सुटलेला नाही. २०२२च्या ‘पॅक-मॅन म्युझियम प्लस’ या अधिकृत संचात तिचा स्वतःचा खेळ नाही. ‘पॅक-लँड’ आहे, पण त्यात तिला काढून ‘पॅक-मॉम’ नावाचे नवे पात्र बसवले आहे. संग्रहालय म्हणवणाऱ्या संचात जुन्या चित्रातला एक चेहरा खरवडून दुसरा रंगवला आहे. व्यापाराच्या दृष्टीने कंपनीचा नाइलाज समजू शकतो. वाचकाचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या पिढीतला जो हाच संच पाहील, त्याला खाली दुसरा चेहरा होता हे कळायचे कसे?

या ठिकाणी मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक चाललेली ती खटपट. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी वर संस्कारित पाठ दिला; परंतु त्याहून मोलाची गोष्ट अशी की, खाली पाठभेद दिले. कोणत्या प्रतीत काय आहे, काय गळले आहे, काय मागाहून घुसले आहे, याची नोंद ठेवली. संपादकांचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याला त्याच पानावर दुसऱ्या निर्णयाची सामग्री मिळते.

‘मेम’चे खरे काम या तळटीपांच्या जातीचे आहे. तो एकेका खेळाच्या ज्ञात आवृत्त्या मुख्य प्रत आणि उपप्रती अशा कुळवार लावतो: जपानी, अमेरिकन, सुधारित, आणि नकलीसुद्धा. कोणत्या बोर्डवर कोणता प्रोसेसर, कोणत्या चिपेत किती माहिती, हे त्याच्या आज्ञावलीतच लिहिलेले असते. २०१६पासून ती मुक्त परवान्याखाली सर्वांना उघडी आहे. जुन्या यंत्रांची नोंद हेच आपले उद्दिष्ट, खेळता येणे हा जोडलाभ, अशी त्या प्रकल्पाची जाहीर भूमिका आहे. खेळायला बसलेल्यांना ती ढोंगी वाटते. पण त्यात अशा कित्येक बोर्डांची नोंद आहे, ज्यांवर धड खेळताही येत नाही. नुसती फुकट करमणूक करायची असती, तर एवढा उपद्व्याप कोणी केला नसता.

आता पुन्हा मुस्तफाकडे. ‘मेम’च्या यादीत त्याच्या अधिकृत आवृत्त्यांबरोबर नकली बोर्डांच्याही नोंदी आहेत. मूळ बोर्डवर आवाजासाठी ‘क्यूसाउंड’ ही भारी चिप होती. काही नकली बोर्डांवर तिच्या जागी स्वस्त चिप बसवून काम भागवलेले आढळते. म्हणजे आपल्यापैकी कोणी पार्लरमध्ये नकली बोर्ड खेळला असेल, तर त्याच्या कानात बसलेले संगीत कॅपकॉमच्या संगीतकारांनी रचलेले जसेच्या तसे नसणार. उद्या परवान्याचा गुंता सुटून मुस्तफा अधिकृत संचात आला, तर तो मूळ जपानी शुद्धतेने येईल. ते स्वागतार्हच. पण नकली बोर्ड त्यात येणार नाही. कोणती कंपनी आपल्या चोरीचा माल आपल्या संग्रहात मांडेल? मूळ कृती संच जपेल. ती लोकांच्या हाती कशी पोचली, हा इतिहास अनधिकृत नोंदीतच राहील. पाठ एकाकडे, पाठपरंपरा दुसऱ्याकडे.

संचाची बाजू

एवढ्यावरून एम्युलेटरला माळ घालून मोकळे व्हावे, असे मात्र नाही. पाठभेदांची बाड हातात पडली म्हणजे वाचन होत नाही. हजारो रॉम एका कार्डावर भरून घेणारे मी पुष्कळ पाहिले. दोन मिनिटे हा, दोन मिनिटे तो, असे चाळून ते थकतात. एकही खेळ त्यांच्या अंगात मुरत नाही. निवड हीसुद्धा टीका असते, आणि ती करायची जबाबदारी घेणे हे संपादकाचे काम.

या बाबतीत अलीकडच्या काही संचांनी मोठी मजल मारली आहे. सोनीच्या प्लेस्टेशनवर १९९५ साली आलेल्या ‘नामको म्युझियम’ने आभासी दालनांत जाहिरातपत्रके आणि बोर्डांची चित्रे लावली होती, ती सुरुवात. ‘डिजिटल एक्लिप्स’च्या २०२२च्या ‘अटारी ५०’मध्ये खेळ कालपटावर मांडले आहेत, मधोमध मुलाखती, आराखडे, कंपनीची कागदपत्रे. पुढच्या वर्षीच्या ‘द मेकिंग ऑफ कराटेका’त, जो खेळ आर्केडचा नसून घरगुती संगणकाचा आहे, जॉर्डन मेकनर यांच्या अर्धवट मसुद्यांपासून तयार खेळापर्यंतचे टप्पे क्रमाने खेळता येतात. लेखकाची वही आणि छापील कादंबरी शेजारी ठेवून वाचण्याचा हा आनंद आहे. एम्युलेटर तो देऊ शकत नाही, कारण ती कागदपत्रे हक्कदारांच्या आणि निर्मात्यांच्या कपाटात आहेत, आणि ते कपाट रीतसर विचारणाऱ्यालाच उघडते.

दोघांच्याही हातून निसटणारे

आणखी काही गोष्टी अशा आहेत की, त्या संचातही येत नाहीत आणि एम्युलेटरमध्येही येत नाहीत. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा मूळ पडदा कृष्णधवल, रंग होता तो काचेवर लावलेल्या पारदर्शक रंगीत पट्ट्यांचा. तो रॉममध्ये नव्हताच, मग त्याचे अनुकरण कसे होणार? त्याचे चित्र वेगळे जोडावे लागते. १९८१च्या ‘टेम्पेस्ट’ला जॉयस्टिक नव्हती, गोल फिरणारी खुंटी होती, त्याच वर्षीच्या ‘सेंटिपीड’ला हाताच्या पंजाखाली गरगरणारा चेंडू. दोन्ही खेळ आजच्या अंगठ्याच्या कांडीवर खेळणे म्हणजे सतारीचा तुकडा हार्मोनियमवर वाजवणे. सूर सापडतात, मींड सापडत नाही.

सगळ्यांत मोठे नुकसान नाण्याचे. आर्केड खेळाची काठिण्यपातळी नाण्याला बांधलेली असते. यंत्राच्या मालकाला बोर्डवरच्या छोट्या खटक्यांनी ती कमीजास्त करता येत असे. खिशात एकच रुपया असणे हा त्या खेळाचा न लिहिलेला नियम होता. घरी एक बटण दाबले की नाणे पडते, आणि संचांत तर अनेकदा खेळ मागे नेऊन चूक दुरुस्त करता येते. मुस्तफा अशा रीतीने एका बैठकीत संपतो. मी तो तसा संपवला, आणि शेवटचा पडदा पाहताना आपण काहीतरी चोरले अशी भावना झाली. कायद्याचा भाग वेगळा; ही चोरी खेळाच्या अर्थाची होती. ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ मालिकेत गुणांच्या स्पर्धेचा वेगळा प्रकार आहे, ज्यात काठिण्य बदलता येत नाही; तो या अर्थाची थोडी भरपाई करतो. एम्युलेटरवाल्याला हा नियम स्वतःच स्वतःवर घालून घ्यावा लागतो. तीन नाणी ठरवा आणि संपली की उठा. ‘आणखी एक’ म्हणण्यापूर्वीचा तो विचार परत आला, तरच खेळ परत आला.

कुलूप आणि राखणदार

शेवटी कायद्याचा प्रश्न, कारण खरी किंमत तिथे मोजली जाते. अमेरिकेत २०००च्या सोनी-कनेक्टिक्स निकालाने एम्युलेटर बनवण्यासाठी केलेला यंत्राचा अभ्यास न्याय्य वापर ठरला; अडचण एम्युलेटरची नसून त्यावर चालवायच्या रॉमची आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणकीय आज्ञावलीच्या रीतसर धारकाला हानीपासून बचावासाठी राखीव प्रत करू देते. पण ज्याच्याकडे बोर्डच नाही, त्याला या कलमाचा आधार नाही. जो खेळ आज दुकानात मिळतो, त्याचा रॉम फुकट उतरवून त्याला ‘जतन’ म्हणणे हे मला मान्य नाही. पैसे वाचवायचे असतील तर तसे म्हणावे.

परंतु जो खेळ कोणीच विकत नाही, त्याचे काय? ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३च्या पाहणीत असे आढळले की, अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ही पाहणी घरगुती खेळांची आहे, आर्केडची नाही. तरी दिशा कळायला ती पुरेशी आहे. आर्केडची स्थिती आणखी नाजूक, कारण तिथे प्रती मोजक्या आणि बोर्ड नाशवंत. कॅपकॉमच्या पुढच्या पिढीतल्या, ‘सीपीएस-२’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोर्डांवर नक्कल रोखण्यासाठी आज्ञावली सांकेतिक करून तिची किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली नाहीशी आणि बोर्ड मुका. कुलूप चोरासाठी लावले, आणि ते मालालाच गिळू लागले. ती सांकेतिक पद्धत २००७ साली पूर्णपणे उलगडली ती हौशी अभ्यासकांनी. त्यांत ‘मेम’चे जनक साल्मोरियाही होते. कायद्याच्या भाषेत हे कुलूप फोडणेच. पण ते फोडले नसते, तर आत ठेवायला काही उरले नसते.

म्हणून माझी भूमिका अशी. संच निघाला तर तो घ्यावा, पण ग्रंथाची आवृत्ती पारखावी तसा पारखून: कोणती आवृत्ती ते सांगितले आहे का, पाठभेद दिले आहेत का, काय बदलले याची कबुली आहे का. ‘पॅक-मॉम’ बसवायचीच असेल तर तशी एक ओळ लिहायला काय हरकत होती? आणि एम्युलेटरकडे चोरांचा अड्डा म्हणून न पाहता तळटिपांचे दफ्तर म्हणून पाहावे. त्याच्यावाचून उद्याच्या संपादकाला आपली आवृत्ती ताडून पाहायला दुसरे साधन नाही.

आपल्यापुरते एक काम यात उरते, आणि ते जपानी किंवा अमेरिकन माणूस करणार नाही. आपल्या पार्लरांत कोणते बोर्ड होते, अस्सल किती, नकली किती, कुठून येत, रुपयाला किती जीव मिळत, याची नोंद कुठेही नाही. माझ्या परिचयाच्या एका जुन्या पार्लरचालकाला मी बोर्डांविषयी विचारले. पेट्यांचे लाकूड कामी आले, बोर्ड भंगारात वजनावर दिले, असे ते म्हणाले. मुस्तफाचे दोन बोर्ड होते. अस्सल होते का, असे विचारल्यावर ते हसले: “चालत होते.” आपल्या मुस्तफाचा पाठ त्या भंगारात गेला. ज्यांच्या माळ्यावर असा एखादा बोर्ड अजून धूळ खात असेल, त्यांनी तो विकण्याआधी निदान त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढून ठेवावे. चिपांवरचे आकडे वाचता आले, तरी त्यातून पुष्कळ कळते.